डेअरीच्या फळ्यावरचा डबा

कालपासून माझ्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात एक पिशवी आहे. आत नवा बासमती आहे, चार-पाच शेर तरी असेल. पिशवीचं तोंड सुतळीनं घट्ट बांधलंय, पण वास काही बांधून राहत नाही. टिळकवाडीतल्या या तिसऱ्या मजल्यावर एरवी समोरच्या बेकरीचा आणि जिन्यातल्या फिनेलचा वास येतो. काल दुपारपासून घरभर सुगी आहे.

पिशवी आणली ती पिरनवाडीच्या एका पालकांनी. त्यांची पल्लवी माझ्या दहावीच्या वर्गात आहे. दारातच त्यांनी पिशवी माझ्या हातात कोंबली. "मॅडम, सुगीचं हाय. वानोळा. न्हाय म्हणू नका," असं म्हणत ते जिना उतरलेसुद्धा. मी "अहो, अहो" करत राहिले. पल्लवीचे अंतर्गत गुण मी अजून भरलेले नाहीत. हे त्यांना माहीत असेल किंवा नसेल, मला मात्र पक्कं माहीत आहे.

संध्याकाळी भाजीला उतरले तर रेल्वे गेट बंद होतं. माझ्या पुढं पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, भरलेला ट्रॅक्टर उभा होता, दोन्ही बाजूंनी इतका फुगलेला की रिक्षावाले शिव्या घालत होते. भाताच्या काडीला थंडीत एक गोडसर, किंचित कुबट वास असतो. शहरात जन्मलेल्या माणसाला तो कळायचा नाही, आणि आमच्यासारख्यांची त्यातून सुटका नाही. गाडी गेली, गेट उघडलं, मागून हॉर्न वाजले. मी आपली दहावीच्या वर्षातल्या त्या सुगीत जाऊन उभी होते.

आमचं गाव शहराच्या कडेला. तेव्हा कडेला होतं, आता शहरानंच त्याला पोटात घेतलंय. घरटी थोडं भात, दोन म्हशी आणि एकजण तरी बेळगावात नोकरीला, असा सगळ्यांचा नमुना. आमच्या घरचा नोकरीवाला म्हणजे बाबा. एका सरकारी कचेरीत जमिनीच्या नोंदी ज्या खिडकीतून पुढं सरकतात, त्या खिडकीमागं ते बसायचे. सकाळी वैरणकाडी करून, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते आठच्या बसला जायचे. हातात तीन ताळी, एकावर एक तीन पुडांचा स्टीलचा डबा. कचेरीत डबे सगळे सारखे दिसतात, अदलाबदल होते, म्हणून आईनं त्याच्या कडीला हिरव्या लोकरीचा दोरा बांधला होता.

गावात दिवसातून दोनदा सगळी माणसं एका ठिकाणी यायची, ती दूध डेअरीवर. मोठे, छोटे, मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे, एकमेकांशी अबोला धरलेले सख्खे भाऊसुद्धा किटल्या घेऊन एकाच ओळीत. डेअरीच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा होता. त्याच्या डाव्या अंगाला डेअरीचे सेक्रेटरी बसाण्णा दुधाची फॅट आणि दर लिहायचे. उजवी अर्धी बाजू गुंडूआप्पांची.

गुंडूआप्पा पेंटर होते. निपाणीला तंबाखूच्या वखारींच्या पाट्या रंगवून त्यांचा हात बसलेला. पुढं डिजिटल फलक आले, पाट्यांचं काम गेलं, आणि हातात उरला तो खडू. रोज पहाटे, ओळ लागायच्या आधी, ते येऊन फळ्यावर एक चित्र काढून जायचे. गावाला चहाच्या आधी ते चित्र लागायचं. एकदा त्यांनी कंत्राटदार काढला होता, पोळपाटावर लाटणं घेऊन आमचा नवा रस्ता पापडासारखा लाटत बसलेला. एकदा ओढ्यावरची मोरी काढली होती, तिच्यापेक्षा तिच्या उद्घाटनाला फोडलेल्या नारळांच्या करवंट्यांचा ढीग मोठा. एकदा नुसता नळ, त्याच्या तोंडात कोळ्याचं जाळं आणि समोर हात जोडून हसणारे पाच फेटे. ओळीतले लोक हसायचे. हसताना किटल्या हिंदकळायच्या आणि बसाण्णा आतून ओरडायचे, "दूध सांडू नका रं, हसा खुशाल!"

आप्पांचे दोन नियम होते. पहिला, तोंड काढायचं नाही. हात काढायचे, पोटं काढायची, खुर्च्या, चपला, फेटे काढायचे, पण तोंड नाही. "तोंड काढलं की त्यो एकटाच वाईट हुतो आनि बाकीचं सगळं सुटत्यात," ते म्हणायचे. दुसरा नियम त्याहून कडक. चित्राखाली एक अक्षर घालायचं नाही, कुठल्याच भाषेतलं.

हा दुसरा नियम आमच्या भागातल्या माणसालाच सुचावा. आमच्याकडं पाटी नुसती पाटी नसते. तिच्यावर कुठली लिपी वर, कुठली खाली, कुठली मोठी, यावरून माणसं आयुष्यभराची वैरी होतात. ज्या आप्पांनी दोन्ही लिप्यांतल्या शेकडो पाट्या रंगवल्या होत्या, आणि त्यातल्या कितीतरी डांबर फासलेल्या बघितल्या होत्या, ते म्हणायचे, "अक्षर घातलं की भांडान अक्षराचं हुतंय. खाल्लेला तसाच ढेकर देत बसतोय." त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमाराला कुणा उत्साही पोरानं पापडाच्या रस्त्याखाली एक ओळ लिहिली होती, तर दोन दिवस गाव त्या ओळीवरून तणाणलं होतं. रस्ता कुणाच्या लक्षातही राहिला नाही. मी हे बघितलं होतं, आणि पोरवयात बघितलेलं कुठं उपयोगी पडेल सांगता येत नाही.

आता डब्याविषयी. सुगी आली की बाबांचा डबा येताना जड व्हायचा. जाताना भाकरी-भाजी, येताना कधी काजू, कधी साजूक तूप, कधी पिवळाधमक गूळ, कधी गोकाकचं डिंक-सुकामेव्याचं करदंट. बाबा पैशाला कधी हात लावत नसत, आणि याचा त्यांना अभिमान होता. आई एकदा दबकत बोलली, तर म्हणाले, "अगं, वानोळा हाय त्यो. देनारा हौसेनं देतोय, न्हाय कसं म्हनायचं?" वानोळा हा किती चांगला शब्द आहे! आपल्या रानात पिकलेलं पहिलं दुसऱ्याच्या घरी द्यायचं. या शब्दात मागणं नाही, मोजणं नाही. त्या चांगल्या शब्दाचं झाकण लावून तो डबा रोज आमच्या घरी यायचा आणि संध्याकाळी सहाला मी दारात वाट बघत उभी असायचे. करदंट मला फार आवडायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण आवडायचं ते आवडायचंच.

त्या दिवशी धुकं इतकं होतं की डेअरीची ट्यूबलाइट पिवळ्या डागासारखी दिसत होती. भात कापून झालं होतं, काही शेतांत मसूर टाकला होता, आणि दंवानं तो मऊ हिरवा वर येत होता. परीक्षेचं वर्ष म्हणून मी पहाटे उठायचे आणि अभ्यास टाळायला दूध घालायला जायचे. ओळीत माझ्याआधी कुणी नव्हतं. आप्पा नुकतेच गेले असावेत, खडूचा तुकडा फळ्याच्या कडेवर होता. बसाण्णा आत मशीन पुसत होते.

फळ्यावर एक खिडकी होती. तिच्यातून एक हात बाहेर आलेला, आणि त्या हातात तीन ताळी डबा. खिडकीपुढं माणसांची ओळ, कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या खाकेत कोंबडी, कुणाच्या हातात बरणी. ओळीत सगळ्यांच्या शेवटी एक वाकलेली बाई. तिच्या एका हातात कागद आणि दुसरा हात रिकामा. ज्यांचे हात भरलेले ते पुढं सरकत होते, तिच्या पायांभोवती मात्र गवत उगवलेलं. आणि डब्याच्या कडीला दोरा बांधलेला.

बाई कोण तेही मला लगेच कळलं. आमच्या मागच्या गल्लीतली शेवंताआक्का. नवरा वारून दोन पावसाळे झाले होते, शेत अजून तिच्या नावावर लागत नव्हतं. वारसाची नोंद करायला ती कचेरीत खेटे घालायची. डेअरीला पाव किटली दूध घालणारी बाई, ती डब्यात काय भरणार?

थोड्या वेळात ओळ लागणार होती. सगळं गाव त्या दोऱ्याकडं बघणार होतं आणि आठच्या बसला बाबा तिथूनच जाणार होते. पुसावं असं वाटलं. पण पुसलं असतं तर आप्पांनी उद्या परत काढलं असतं. मग मला तो दसरा आठवला. खडू उचलला आणि चित्राखाली ठळक अक्षरांत दोन शब्द लिहिले, 'सरकारी कचेरी'. बस्स, एवढंच. किटली ठेवली आणि ओळीतली पहिली म्हणून निमूट उभी राहिले.

सगळं मी मनात योजलं होतं तसंच घडलं, आणि तेच वाईट. लोक आले, त्यांनी आधी अक्षरं वाचली. "मराठीत का लिवलंय?" "मग कशात लिवायचं?" इथून सुरुवात झाली. दुपारपर्यंत माझ्या अक्षरांवर कन्नड अक्षरं आली, दुप्पट मोठी. संध्याकाळी दोन्ही खोडली गेली, त्या झटापटीत खिडकीही गेली आणि म्हातारीही. ट्यूबलाइटवर दगड बसला. पोलिसांची जीप आली. साहेबांनी बसाण्णांना सांगितलं की इथून पुढं फळ्यावर काही लिहायचं नाही. बसाण्णांनी अर्धा फळा चुन्यानं पांढरा केला. डब्याबद्दल गावात एक शब्द निघाला नाही. ज्या ओळीत सगळे हसायचे, तिथं आता सगळे खाली मान घालून दूध मोजून घेत होते. धड निबंधही लिहिता न येणाऱ्या वयात माझे ते दोन शब्द केवढे पुरे पडले!

बाबांनी चित्र बघितलं होतं. सकाळी ते फळ्यापाशी थांबले, मग हातातला डबा त्यांनी पिशवीत घातला, एवढं मी लांबून पाहिलं. घरी काही बोलले नाहीत. आप्पा डेअरीवर यायचेच बंद झाले.

आठ-दहा दिवसांनी आमच्या खळ्यावर मळणी होती. शेवंताआक्का पाखडायला आली होती. वारं पडलं म्हणून जराशी बसलो, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सहज म्हणाली, "त्यात मी हुतो गं."

आमच्याकडच्या बायका 'मी हुतो' असंच बोलतात. मी विचारलं, "कशात, आक्का?"

"फळ्यावर. आप्पानं मला काढलंतं. जन्मात कुनी माजं चित्र काढलं न्हवतं बग. लगीन झालं तवाबी फोटू न्हाय. म्हटलं, बगू देत सगळी, म्हातारी किती दिस उभी हाय. सांजंला सूनंला घिऊन दावाय गेलतो, तर खाली कायतरी लिवलं म्हनून भांडान लागलेलं. पुसलं मला." मग सूप उचलत म्हणाली, "कोन मेल्यानं लिवलं कुनास ठाऊक."

ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. तिला कुणीतरी बघितलं होतं, एका सकाळपुरतं, आणि तेवढंही मी तिच्याकडून काढून घेतलं होतं. मला रडू आलं. डोळ्यात कोंडा गेला म्हणाले.

दुपारी बाबा पिंजर रचत होते. त्यांनी त्या दिवसापुरती सुगीची रजा काढली होती. मी खाली उभी राहून सांगून टाकलं, "बाबा, ते अक्षर मी घातलं."

ते पेंढी हातात धरून उभे राहिले. "अक्षर वळखलं मी. त्याच दिवशी."

"मग बोलला का न्हाईसा?"

"काय बोलू? तू मला वाचवलीस." मग त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "पोरीनं वाचवावं असलं काय करून बसलतो मी, त्येच बगालोय आठ दिस."

त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी म्हणाले, "मी करदंट खाल्लंय, बाबा." हे का म्हणाले माहीत नाही. ते हसले, आणि हसताना त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आठच्या बसला गेले नाहीत. काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन डेअरीवर आले, ओळ लागलेली असताना. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि चुन्याचा भाग रंगवायला लागले. रंगवायचं त्यांना मुळीच येत नव्हतं. बसाण्णा "अहो, पोलीस" म्हणाले, तर बाबा म्हणाले, "अक्षर नको म्हनालेत. चित्र चालतंय." मग त्यांनी आप्पांच्या घरी निरोप धाडला. आप्पा आले आणि कोपऱ्यात उभे राहिले. सगळ्या ओळीदेखत बाबा म्हणाले, "आप्पा, रंग वाळला की त्येच चित्र परत काढा. हुतं तसं. दोऱ्यासकट."

कुणी हसलं नाही. आप्पांनी एकवार बाबांकडं बघितलं. "लोक बगतील की," ते हळू म्हणाले.

"बगू देत. आनि खाली काय लिवू नका," बाबा म्हणाले. शेवटचं बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, याबद्दल मी अजून त्यांची ऋणी आहे.

दुसऱ्या पहाटे चित्र होतं. शेवंताआक्का सुनेला घेऊन आली, सुनेनं नातवाला आणलं. आक्का ओळ सोडून फळ्यापुढं जाऊन उभी राहिली आणि चित्रातल्या आपल्या पायांशी बोट नेऊन म्हणाली, "गवत लई केलंय की ओ, आप्पा." तेव्हा मात्र सगळी ओळ हसली, दोन्ही भाषांत. बसाण्णा दूध सांडू नका म्हणायचं विसरले.

संक्रांतीच्या आत तिच्या नावाचा उतारा निघाला. बाबांचा डबा त्यानंतर रिकामा येऊ लागला. रिकाम्या डब्याचा आवाज मोठा असतो, ताळ्या एकमेकींवर आपटतात. बस फाट्यावर थांबली की आईला घरात ऐकू यायचा. कचेरीत त्यांची टिंगल झाली, पुढं लांब बदलीही झाली, तिथं त्यांना खोली घेऊन राहावं लागलं. एका चित्रानं कचेरी बदलली असं मी म्हणणार नाही. त्या शेजारच्या खिडकीत काय चालायचं ते मी ऐकून आहे. एक माणूस बदलला, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून कुणी मला "काय फरक पडतोय" म्हणालं, की मी वाद घालत नाही आणि मानही डोलावत नाही.

मी आता मराठी शिकवते. शब्दांवर माझं पोट आहे, आणि शब्दांनी काय काय झाकता येतं हे माझ्याइतकं वर्गात कुणाला ठाऊक नाही.

इथवर काल रात्री लिहिलं. आज रविवार. सकाळी पिशवी स्कूटरच्या पायापाशी ठेवली आणि गावाकडं निघाले. वाटेत पिरनवाडीला पल्लवीचं घर विचारत गेले. तिचे वडील अंगणात भात वाळत घालत होते, मला बघून त्यांचा चेहराच उतरला. "मॅडम, काय चुकलं का?"

"तुमचं न्हाय," मी म्हणाले. माझ्या तोंडात गावची भाषा आपोआप आली. "गुण अजून भरायचेत. भरल्यावर, निकाल लागल्यावर तुम्ही सगळी माझ्याकडं जेवायला या. तवा वानोळा आणा, मी मागून घीन."

मग त्यांनी पिशवी घेतली, आणि आतून पल्लवीनं चहा आणला. तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती बघून मला कळलं की या पिशवीची लाज माझ्याआधी तिला वाटत होती.

गावात पोचले तेव्हा डेअरीची ओळ संपत आली होती. आप्पांचा हात आता थरथरतो, म्हणून ते खुर्चीत बसून सांगतात आणि कॉलेजातल्या दोन मुली काढतात. एक घरी मराठी बोलते, एक कन्नड. चित्राखाली अक्षर नाही. बाबा फळ्यासमोर उभे होते, चष्मा कपाळावर, हातात किटली. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण सकाळी आधी फळा बघायची सवय गेलेली नाही. बघून झालं की ते रोज एकच वाक्य बोलतात. आजही बोलले, "आज मी न्हाय."

"उद्याचं काय सांगावं!" ओळीतून शेवंताआक्का ओरडली. तिची किटली आता मोठी आहे.

मी हसले, आणि स्कूटर लावून फळ्यापाशी गेले. बाबांनी मला जागा करून दिली. चित्रात एक टेबल होतं, त्याच्यामागं खुर्ची, खुर्चीवर कुणाची तरी पर्स. माझा हात खांद्यावरच्या पर्सकडं गेला. मग मी वाकून नीट बघितलं. पर्स माझी नव्हती.